पुसलेले बाण

फार फार पूर्वी, जिथे नजर पोचेल तिथवर गवतच गवत आणि झाड औषधालाही सापडायचं नाही, अशा मंगोलियाच्या माळावर एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत होती. म्हाताऱ्याचं नाव गल्सान, म्हातारीचं नाव उर्ना. लोकरीचा गोल तंबू, थोड्या मेंढ्या, दोन घोड्या आणि एकमेकांशी रोजची थोडी कुरबुर, एवढाच त्यांचा संसार. ज्या दिवशी कुरबुर व्हायची नाही, त्या दिवशी दोघांनाही करमायचं नाही.

दर उन्हाळ्यात त्या माळावर नादामचा उत्सव भरायचा. लांबलांबून माणसं यायची. पैलवान कुस्ती जिंकले की गरुडासारखे हात पसरून नाचायचे, पोरंसोरं घोडे दौडवत धुळीत दिसेनाशी व्हायची, आणि मोठी माणसं घोडीचं आंबवलेलं दूध पीत गेल्या वर्षीच्या शर्यतीवरून भांडायची. या सगळ्यात उर्नाचा जीव होता तो तिरंदाजीत.

तिथली तिरंदाजी जरा वेगळी असे. चामड्याची छोटी छोटी नळकांडी एकावर एक रचून मैदानाच्या टोकाला बुटकी भिंत करायची. बाणाचं टोक हाडाचं, बोथट. बाण भिंतीला लागला की नळकांडी गडगडत खाली. भिंतीजवळ ललकारी देणारे उभे असत. बाण अलीकडे पडला तर त्यांनी खालच्या आवाजात ओरडायचं, पलीकडे गेला तर आवाज चढवायचा, आणि लागला तर दोन्ही हात आभाळाकडे करून "ऊखाऽऽय" अशी लांबलचक ललकारी द्यायची. मग सगळं मैदान ती उचलून धरायचं.

या ललकारी देणाऱ्यांत सगळ्यांत जुना होता गल्सान. लग्नाआधीपासून तो उर्नाच्या बाणांना ललकारी देत आला होता. त्या ललकारीमुळेच लग्न जमलं असं लोक म्हणत, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

पण गेल्या हिवाळ्यात उर्नाची नजर अधू झाली. ती चहा वाडग्याच्या बाहेर ओतायला लागली, तेव्हा गल्सानच्या लक्षात आलं.

"कुणाला सांगू नका," उर्ना म्हणाली. "मला भिंत दिसत नाही, पण तुमचा आवाज ऐकू येतो ना. तुम्ही सांगाल तसा हात वरखाली करीन."

वसंतभर दोघांनी तंबूपुढे सराव केला. गल्सान ओरडायचा, उर्ना हात सावरायची. चुकत चुकत एखादा बाण बरोबर जायचा, आणि त्या दिवशी म्हातारी रांधताना गुणगुणायची.

आता त्या माळावरचा एक रिवाज सांगायला हवा. उत्सवात ज्याचा एकही बाण लागला नाही, त्यानं आपलं धनुष्य तंबूच्या भिंतीला टांगायचं आणि पुन्हा मैदानात आणायचं नाही. गल्सानला या रिवाजाची धास्ती बसली होती. धनुष्याशिवायची उर्ना त्याला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हती.

उत्सवाच्या दिवशी वारा समोरून वाहत होता. उर्नाचा पहिला बाण सुटला आणि भिंतीच्या बराच अलीकडे, ओल्या गवतात पडला.

 खालच्या आवाजात ओरडायला गल्साननं तोंड उघडलं खरं, पण लांबवर उभी राहून कान देऊन ऐकणारी आपली बायको त्याला दिसली. त्याचे हात आपोआप वर गेले. "ऊखाऽऽय," तो ओरडला.

बाकीचे ललकारी देणारे चमकून बघायला लागले. पण गल्सान वयानं मोठा, त्याला बोलणार कोण? ते गप्प राहिले.

उर्नानं काय केलं? नेम लागलाय म्हटल्यावर कुणीही करील तेच केलं. हात तसूभरही न हलवता दुसरा बाण सोडला. तोही गवतात पडला. आता गल्सान पुरता अडकला. पहिला लागला म्हणून सांगितल्यावर, अगदी त्याच्या शेजारी पडलेला दुसरा चुकला कसं म्हणणार? त्यानं पुन्हा ललकारी दिली, आणि मग पुन्हा पुन्हा दिली. उर्नाचा एकेक बाण त्याच गवतात जाऊन पडत राहिला.

पहिली फेरी संपली. गल्साननं तिचे बाण गोळा केले. टोकांना चिखल लागला होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, अंगरख्याच्या बाहीनं एकेक टोक पुसलं आणि बाण तिला नेऊन दिले.

"सगळे लागले?" उर्नानं विचारलं.

"लागले की."

"मग बाकीचे का गप्प होते? तुमचा एकट्याचाच आवाज येत होता."

"त्यांचे घसे बसलेत. सकाळपासून दूध ढोसतायत."

 उर्नानं बाणाच्या टोकावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या.

"हे पुसले कुणी?" ती हळूच म्हणाली. "लागलेला बाणसुद्धा शेवटी मातीतच पडतो. जन्मभर तुम्ही मला मातीनं माखलेलेच बाण आणून दिलेत. आज पहिल्यांदाच पुसून दिलेत."

तिनं हात पुढे केला आणि त्याची बाही चाचपली. बाही ओली होती, चिखलानं खरखरीत झाली होती. गल्सानची मान खाली गेली.

"तुझं धनुष्य टांगावं लागलं असतं," तो म्हणाला. "ते माझ्याच्यानं बघवलं नसतं गं."

"टांगायची वेळ आली तर दोघं मिळून टांगू. तंबूत जागा का कमी आहे?" उर्नानं त्याची बाही सोडली. "अहो, नजर गेली तेव्हा मी रडले नाही. म्हटलं, यांचा आवाज आहे ना मला. आज तुम्ही तोही काढून घेतलात. आज मी खरी आंधळी झाले."

गल्सानला हे शब्द फार लागले. तो तडक खेळाच्या प्रमुखाकडे गेला आणि भर मैदानात म्हणाला, "उर्नाचा एकही बाण लागलेला नाही. मी खोटी ललकारी दिली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं."

मागोमाग उर्नाही आली. "मला भिंत दिसत नाही," तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. "मी यांच्या आवाजावर नेम धरते. अजून एक फेरी उरली आहे, ती मला खेळू द्या."

प्रमुख जागेवरून उठला. मग म्हणाला, "गल्सान, तिच्यासाठी तू भिंतीपाशी उभा राहा. पण आजपासून तुझी ललकारी खेळात धरली जाणार नाही. बाकीच्यांनी हात वर केले, तरच बाण लागला असं आम्ही मानू."

इतक्या वर्षांचा मान एका सकाळीत गेला. गल्साननं मान डोलावली आणि तो भिंतीपाशी जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या फेरीतला उर्नाचा पहिला बाण गवतात पडला. खालच्या आवाजात ओरडताना गल्सानचा जीव तुटत होता, पण तो ओरडला. उर्नानं हात उचलला. पुढचा बाण भिंतीवरून पार गेला. गल्साननं आवाज चढवला. तिनं हात किंचित खाली घेतला. पुन्हा अलीकडे. पुन्हा जरासा पलीकडे. दर वेळी तो खरं सांगत होता आणि दर वेळी बाण भिंतीच्या थोडा जवळ पडत होता.

शेवटचा बाण उरला. उर्नानं श्वास रोखला आणि बाण सोडला.

एक नळकांडं हललं आणि गडगडत खाली आलं.

बाकीच्या ललकारी देणाऱ्यांनी हात उंच केले. मैदानानं ललकारी उचलली, पैलवान ओरडले, घोड्यांवरची पोरं ओरडली. फक्त गल्सान ओरडला नाही. त्याला ओरडायचं होतं, पण आधी वाकून त्यानं ते पडलेलं नळकांडं हातात घेऊन पाहिलं.

आणि उर्ना तशीच उभी होती. धनुष्य धरलेला हात तिनं खाली घेतलाच नव्हता.

शेजारची तरुण तिरंदाज म्हणाली, "आजी, लागला बाण. सगळे ओरडतायत, ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"ऐकू येतंय बाई," उर्ना म्हणाली. "पण आमच्या यांनी अजून सांगितलं नाही."

मैदान हळूहळू शांत झालं. त्या शांततेत, भिंतीच्या बाजूनं, एक फाटका म्हातारा आवाज आला. "ऊखाऽऽय." खेळात आता त्या ललकारीला काही किंमत नव्हती. उर्नानं ती शेवटपर्यंत ऐकली, आणि मग धनुष्य खाली घेतलं.

तात्पर्य: आपलं माणूस आपल्या शब्दावर नेम धरत असतं. म्हणून मायेपोटीसुद्धा त्याला खोटं सांगू नये. कितीही जड गेलं तरी खरं तेच सांगावं.