पहिला खिळा

एकदा एका रंगाच्या व्यापाऱ्याने भाड्याने द्यायचा आपला वरचा मजला पाचव्यांदा दुरुस्तीला काढला. पेठेतले लोक गालात हसले, कारण तिथे दुरुस्त करण्यासारखे काही उरलेच नव्हते. फरश्या बदलून झाल्या होत्या, ओट्याला ग्रॅनाइट लागला होता, गच्चीवर पाणी तापवायला सौर यंत्र आले होते. आणि भिंती तर विचारू नका. रंगाच्याच व्यापाऱ्याच्या त्या भिंती. दोन हात पुट्टी, वर तीन हात रंग. बाळाच्या गालावरून फिरवावा तसा तो त्यांच्यावरून हात फिरवीत असे.

हा खटाटोप भाड्यासाठी नव्हता. दुकान उत्तम चालत होते. पण पत्नीला जाऊन पाच वर्षे झाली होती, मुलगी दूर परप्रांतात होती, आणि संध्याकाळी घरी आल्यावर स्वतःच उघडलेल्या कुलपाखेरीज दुसरा आवाज कानी पडत नसे. डोक्यावर कुणाची तरी पावले वाजावीत, फोडणीचा वास खाली यावा, एवढीच त्याची इच्छा होती. ती मात्र तो कुणाजवळ बोलत नसे. लोकांना सांगे, चांगले भाडेकरू हवेत.

चांगले भाडेकरू आलेही. चार कुटुंबे आली. भांडण नाही, कुरबुर नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की प्रत्येकाने हात जोडून किल्ली परत केली आणि वाट धरली. व्यापारी वर जाऊन पाही, तर भिंतीवर साधा ओरखडाही नसे. त्याला समाधान वाटे, आणि त्याच कोऱ्या भिंतीपुढे उभा राहून तो विचार करी, की घरात अजून कशाची उणीव राहिली असेल. मग पुन्हा गवंडी येई.

आता रविवारी पाचवे कुटुंब येणार होते. एक शिक्षक, त्याची बायको आणि म्हातारी आई. हेही टिकले नाहीत तर घर विकून मुलीने शोधलेल्या वृद्धाश्रमात जायचे, असे व्यापाऱ्याने ठरवले होते. अर्ज भरून ठेवला होता, सही तेवढी राहिली होती. त्याआधी त्याने आपल्या वृद्ध गुरुजींना घर पाहायला बोलावले. लहानपणी तो त्यांच्या हाताखाली शिकला होता. सारी पेठ ज्याला शेठ म्हणे, त्याला दामू म्हणणारे एवढे एकच माणूस आता शिल्लक होते.

गुरुजी खांद्याला पिशवी लावून आले. त्यांनी नळ सोडून पाहिला, खिडक्या उघडून पाहिल्या, सगळ्या खोल्यांतून दोनदा हिंडले. राहायला येणाऱ्यांना तू काय काय सांगतोस, असे त्यांनी विचारले. व्यापारी म्हणाला, जाच करणारा घरमालक मी नव्हे. पाहुणे किती येतात, पाणी किती वापरतात, काही विचारत नाही. किल्ली देताना एकच सांगतो, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. गुरुजींनी मान डोलावली आणि प्यायला पाणी मागितले.

व्यापारी खाली गेला. तांब्या भरतो न भरतो तोच वरून ठक ठक ऐकू आले. तो तांब्यासकट धावत वर आला. सुताराने कोपऱ्यात ठेवलेली हातोडी गुरुजींच्या हातात होती, आणि कालच वाळलेल्या भिंतीत, बरोबर मधोमध, एक लांब खिळा रुतला होता. रुपयाएवढा पोपडा फरशीवर पडला होता. गुरुजींनी पिशवी खांद्यावरून काढली, खिळ्याला अडकवली आणि खाली मांडी घालून बसले.

"गुरुजी, हे काय केलंत?" एवढेच व्यापाऱ्याच्या तोंडून निघाले.

"दामू, मघापासून मी तुझ्या घरात फिरतो आहे. घर छानच आहे. पण पिशवी कुठे अडकवावी ते कळेना, म्हणून ती खांद्यावरच राहिली. खांद्यावर पिशवी असलेला माणूस कितीही वेळ थांबला, तरी तो निघायच्याच बेतात असतो. तुझी चारही बिऱ्हाडं तशीच राहिली. कुणाच्या वडिलांचा फोटो ट्रंकेत राहिला असेल, कुणाचं कॅलेंडर गुंडाळीतच. तू चांगली माणसं मागितलीस, ती चांगलीच होती. म्हणून तर त्यांनी तुझं ऐकलं, तुझी भिंत जपली आणि ती निघून गेली. तू त्यांना सगळं नवं दिलंस रे. त्यांचं असं काही तिथे लावू दिलं नाहीस."

खालच्या खोलीतला आरसा व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे आला. त्याची पत्नी कुमुद तो शिसवी चौकटीचा आरसा माहेराहून घेऊन आली होती. भिंतीवर लावू का, असे तिने लग्नानंतर एकदाच विचारले होते. भिंत खराब होईल, तो म्हणाला होता. ती पुन्हा त्याबद्दल बोलली नाही. अठ्ठावीस वर्षे आरसा जमिनीवर भिंतीला टेकून राहिला आणि ती रोज खाली बसून कुंकू लावत राहिली. तिचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्याने मोठ्या मायेने तिला एक बुटके स्टूल आणून दिले होते. खिळा त्याच्या मनातही आला नव्हता.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "माझी पहिली भाडेकरू घरातच होती."

गुरुजी पाणी प्यायले आणि त्यांनी तांब्या त्याच्या हातात दिला.

रविवारी शिक्षकाचे कुटुंब आले. व्यापाऱ्याने किल्लीबरोबर हातोडी आणि खिळ्यांची पुडी पुढे केली. खरेच ठोकले तर चालेल ना, असे म्हातारीने दोनदा विचारून घेतले. तो खाली येऊन बसला आणि थोड्याच वेळात वर ठोकाठोक सुरू झाली. प्रत्येक ठोक्याला त्याचा जीव कळवळत होता, खोटे कशाला सांगा. पण घरात माणसे आहेत असे त्याला पाच वर्षांत प्रथमच वाटले.

पुडीतला एक खिळा त्याने खिशात ठेवून घेतला होता. हातोडी वर गेली होती, म्हणून त्याने स्वयंपाकघरातला बत्ता आणला, आरसा उचलून भिंतीला धरला, आणि तिथेच अडला. उभ्या कुमुदची नजर किती उंचीवर येत असे, ते त्याला आठवेना. आरशासमोर त्याने तिला कायम बसलेलेच पाहिले होते.

अखेर आपल्या खांद्याच्या किंचित वर त्याने पेन्सिलीने खूण केली आणि खिळा ठोकू लागला. बत्त्याचा आवाज ऐकून वरची म्हातारी जिना उतरून दारात आली. तिच्या हातात हातोडी होती.

"द्या," तो म्हणाला, "हातोडी राहू दे इथेच. उंची चुकली असली तर पुन्हा ठोकीन."