रणनवरे सरकारांची मोटार

आंबोलीचा घाट उतरताना रणनवरे सरकारांच्या जुन्या मोटारीला ब्रेकच लागेना. माझा नवरा त्यांचा ड्रायव्हर, आणि मी बाजाराच्या पिशव्या घेऊन मागं बसलेली. ड्रमब्रेक उतारावर तापले की नुसता पाय दाबून उपयोग नसतो. एसटीला आणि म्हशीला हुकवत गाडी कशीबशी डोंगराच्या मातीला घासून थांबली.

मिस्त्री म्हणाला, "पुढच्या चाकांना डिस्कब्रेक बसवा, ते उतारावरही धरतात." सरकार भडकले. "आजोबांची गाडी बाटवायची? परवा लेकीची वरात अशीच घाट उतरेल!"

हे मी नवऱ्याकडून ऐकलं. चालवणार परत माझाच नवरा की! तशीच बंगल्यावर गेले.

सोयऱ्यांच्या देखत सरकार म्हणाले, "बोल काय ते. पण गाडीला नावं ठेवलीस तर नवऱ्याची नोकरी गेली. घराण्याची गाडी आहे ती. आजवर कुणापुढं थांबलेली नाही!"

"नावं कशाला ठेवू, सरकार? तुमचंच खरं," मी म्हटलं. "काल एसटीपुढं थांबली नाही, म्हशीपुढं थांबली नाही. परवा व्याह्यांच्या दारापुढंही थांबायची नाही. नवरीला घेऊन थेट सावंतवाडीच्या तळ्यात जाईल!"

सरकारांच्या बाईसाहेबांच्या हातातली बशी खळकन फुटली.

"मिस्त्रीला बोलवा!" त्या सरकारांवरच ओरडल्या. "ब्रेक लागल्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत!"