दरीकाठचा लाकडी नकाशा

फार पूर्वी एका खोल दरीच्या काठी एक गाव होतं. तिथे भरदिवसा दाट धुकं उतरायचं आणि धुक्यात दरी हाका मारायची, त्याही ओळखीच्या आवाजात. ओ दिली की माणूस परत यायचा नाही.

त्या गावात एक सुतार होता. हात कसबी, पण डोक्यात हवा. आंधळ्यांना झऱ्यावर जाता यावं म्हणून पंचांनी त्याला वाटेचा नकाशा कोरायला सांगितला. गड्याने फळीवर झाडं कोरली, मोर कोरले. वाट, ओढा आणि दरी यांच्या तीन सुबक खाचा पाडल्या. वाट तांबडी रंगवली, ओढा निळा, दरी काळी. नकाशा आंधळ्यांचा, पण वाहवा केली ती डोळसांनी.

एका आंधळ्या आजीने फळीवर बोटं फिरवली. "लेकरा, यातली वाट कुठली रे? तिन्ही खाचा सारख्याच लागतात. आणि हे मोर सारखे आडवे येतात."

"तांबडी ती वाट, आजी. साऱ्या गावाला कळली, तुलाच कशी कळेना?" सुतार म्हणाला, आणि वळता वळता पुटपुटला, "गाढवाला गुळाची चव काय!"

आजीने ते ऐकलं आणि काठी टेकत घरी जाऊन ती स्वतःच एक फळी करायला बसली.

दुसऱ्या दिवशी तो फळी काखेत मारून झऱ्यावर निघाला आणि अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. स्वतःचा हातही दिसेना. तेवढ्यात दरीतून हाक आली, थेट त्याच्याच आवाजात. "इकडे ये. वाट इकडेच आहे."

त्याने फळीवर बोट टेकवलं. मोर लागला, पान लागलं, मग एक खाच लागली. वाटेची, ओढ्याची की दरीची? काही कळेना. त्याने अंदाजाने पाऊल टाकलं. पायाखालचा धोंडा सुटला आणि तो पडल्याचा आवाज काही आला नाही.

"हलू नकोस." हा आवाज आजीचा होता. पण दरीलाही आजीचा आवाज काढता येत असणार! सुताराने ओ दिली नाही. कुणीतरी त्याच्या हातात एक ओबडधोबड फळी दिली. "दोरी म्हणजे वाट. गाठ म्हणजे मोठा दगड. वाळू लागली की कडा. बस, एवढंच."

त्याने चाचपडून पाहिलं. बोटाला गाठ लागली, पायाला खराच मोठा दगड लागला. मग फळीवरच्या दोरीवर बोट ठेवून तो एकेक पाऊल मागे आला. गावात पोचल्यावर कळलं, मागून काठी टेकत आजीच येत होती.

सुताराने तिचे पाय धरले. आपले लाडके मोर त्याने स्वतः रंधा मारून काढून टाकले आणि डोळ्यांवर फडकं बांधून, आजीला विचारत विचारत, दोरी-वाळूचा नवा नकाशा केला.

धुकं अजून उतरतं. दरी आता सुताराच्या आवाजात हाका मारते. आंधळे ऐकतात, पण ओ देत नाहीत आणि नकाशातल्या दोरीवर बोट ठेवून पाणी घेऊन घरी येतात.

तात्पर्य: ज्याच्यासाठी वस्तू करायची, ती बरी की वाईट हे त्यालाच विचारावं, बघ्यांच्या कौतुकाने कुणाला वाट सापडत नाही.