पळसबाबांच्या पत्रावळी

एकदा काय झालं, एक होते साधूबाबा. फार जुन्या काळातले, बरं का. तेव्हा मठांना जमिनी नव्हत्या, देवळांत दानपेट्या नव्हत्या. मग ही देवाची माणसं खायची काय? लहानपणी मी हेच आधी विचारायची. देवाचं नंतर सांग, त्यांच्या चुलीवर काय शिजायचं ते सांग, म्हणून आजीच्या मागे लागायची. माझी सवय जुनीच आहे. शर्वू, पाय पांघरुणात घे.

तर हे बाबा पळसाच्या रानात राहायचे, म्हणून लोक त्यांना म्हणायचे पळसबाबा. त्यांचे तीन शिष्य होते. उधोबा, चांगदास आणि लखाई. सकाळी चौघं रानात जायची, पळसाची पानं खुडायची, आणि दिवसभर आंब्याखाली बसून पत्रावळी लावायची. पानाला पान जोडायचं, बारीक काडीनं टाचायचं. आम्ही तुमच्याएवढे होतो ना, तेव्हा लग्नाला अशीच पानं असायची. गरम भात पडला की त्या पानाचा असा काही वास सुटायचा, की वरण यायच्या आधीच निम्मा भात संपायचा. आता सगळीकडे स्टीलची ताटं. असो.

बाबांचे हात पत्रावळी लावायचे आणि तोंडानं ते गोष्ट सांगायचे. गुराखी, बायका, पोरं, सगळी भोवती बसून ऐकायची. मग ज्याच्या घरी कार्य असेल तो पत्रावळी न्यायचा आणि बदल्यात कुणी ज्वारी, कुणी गूळ, कुणी भोपळा द्यायचा. आजच्या पोटापुरतं ठेवायचं, उरलं तर वाटसरूला द्यायचं. बाबांचा एक नेम होता. दिवसाची गोष्ट सांगून झाल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही.

आणि गंमत ऐका. जो त्या पत्रावळीवर जेवायचा, त्याच्या स्वप्नात ती गोष्ट यायची. ज्याला पेरणीमुळे ऐकायला जमलं नाही, त्यालासुद्धा.

अशी वर्षं गेली. बाबा म्हातारे झाले. बोटं थरथरायला लागली, काडी बोटात घुसायची, रक्त यायचं. लखाईला ते बघवेना. मग त्या देशाची राणी बाबांचं नाव ऐकून दर्शनाला आली. तिनं ती बोटं पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, उद्यापासून माझ्या मुदपाकखान्यातून तुमची जेवणं येतील. शिष्य हरखून गेले. बाबा काही बोलायच्या आत त्यांनी मान डोलावली. मायेनंच हो, लबाडीनं नाही.

मग चांदीच्या ताटांत जेवणं यायला लागली. पुरणपोळी, श्रीखंड, सात तऱ्हेच्या भाज्या. शिष्यांनी बाबांना मऊ आसनावर बसवलं आणि पानं, काड्या सगळं उचलून ठेवलं. लोक जमले. बाबांनी तोंड उघडलं, आणि गोष्टच येईना. एक शब्द येईना. बाबा गप्प. आणि गोष्ट नाही म्हणून घासही नाही. ताट आलं तसं परत गेलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. बाबांचे गाल बसले. शिष्य घाबरले.

मग राणीनं वैद्य पाठवला. त्यानं घसा पाहिला, जीभ पाहिली, आजार काही सापडला नाही. तरी कडू काढा देऊन गेला. मग राणीनं गवई पाठवले. ते इतकं छान गायले की उधोबा डुलायला लागला, पण बाबा गप्पच. मग लखाईनं काय केलं, बाबांच्याच जुन्या गोष्टी बाबांना सांगून पाहिल्या. बाबा लहान मुलासारखे ऐकत राहिले, आणि शेवटी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेवढंच. चांगदास म्हणाला, आता बाबा काही वाचत नाहीत. तिघं पारावर तोंड लपवून बसली.

तेवढ्यात आली ठकूबाई. गावातली म्हातारी, हातात पानांचा हा एवढा भारा. तिच्या नातीचं लग्न होतं आणि ती रागावलेली होती. पारावर कोण बसलंय ते तिनं पाहिलंसुद्धा नाही. सरळ बाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुमचं मौन ठेवा बाजूला," ती म्हणाली. "सारं गाव जेवायला येणार आणि पत्रावळ एक नाही. मी काय वऱ्हाडाच्या ओंजळीत आमटी वाढू?"

आणि तिनं तो भारा बाबांच्या मांडीवर टाकला. लखाई धावली, आजी, त्यांच्यात जीव नाही उरला म्हणाली. पण बाबांनी एक पान उचललं होतं. थरथरत दुसरं जोडलं. काडी वाकडी गेली, काढली, पुन्हा टाचली. आणि तिसरं पान जोडताना, बरं का, अगदी बारीक आवाज आला. "तर मग काय झालं..."

बाबा बोलायला लागले होते! उधोबानं तोंडात पदर कोंबावा तसं उपरणं कोंबलं आणि रडला. ठकूबाई मांडी घालून बसली आणि काड्या मोडून द्यायला लागली.

गोष्ट संपली, तेव्हा शिष्यांनी बाबांचे पाय धरले. बाबा म्हणाले, "वेड्यांनो, गोष्टी मला कुठे येतात? पानं झाडावर बसून सगळं ऐकतात, माझ्या कानात एकेक शब्द सांगतात. मी नुसतं जोडतो. हात म्हातारे झालेत रे माझे, बिनकामाचे नाही झाले."

मग ठकूबाईनं फडक्यातली भाकरी आणि चटणी पुढे ठेवली. पत्रावळींच्या बदल्यात, नेहमीच्या रीतीप्रमाणे. बाबांनी पहिला घास घेतला. शिष्य बघत राहिले. बाबांनी दुसरा घास घेतला आणि म्हणाले, चटणीत मीठ कमी आहे. तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

राणीला निरोप गेला. ती समजूतदार होती. तिनं ती जेवणं घाटातल्या वाटसरूंसाठी सुरू केली, आणि कधीमधी येऊन स्वतः आंब्याखाली पत्रावळ लावायला बसायची. तिची पत्रावळ मात्र शेवटपर्यंत गळकीच राहिली.

नातीचं लग्न झालं, पंगती उठल्या. बाबा, शिष्य, ठकूबाई सगळी आनंदात राहिली, कष्टाचं खाऊन. झालं. आता कूस बदला आणि डोळे मिटा बघू. दिवा मी घालवते.