गोजराआई आणि माळावरचे वाळे

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तांबमाळावर अजून बांध पडले नव्हते, नुसतं गुडघाभर गवत आणि दगड. त्या माळावर गोजरा नावाची धनगरीण मेंढरं राखायची. नवरा मागेच गेला होता, उरला होता एक तान्हा मुलगा, मल्हारी. एके दुपारी घोंगडीवर निजवलेला मल्हारी उठलाच नाही, आणि त्याच्या उशाशी वाळा सापडला.

वाळा तुम्ही पाहिला असेल. गांडुळाएवढा साप, काळसर, चकचकीत. डोळे म्हणजे दोन बारीक ठिपके. तोंड कुठलं नि शेपूट कुठलं, ते त्यालाच ठाऊक. दगडाखालच्या ओलीत राहतो, मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खातो, माणसाची चाहूल लागली की मातीत शिरतो. त्यांच्यात बाप नसतोच, नुसत्या आयाच असतात, असं म्हणतात. पण गावाची जुनी समजूत अशी, की वाळा झोपल्या माणसाच्या कानात शिरतो आणि माणूस संपतो.

झालं. गाव काठ्या घेऊन माळावर चढलं. साप म्हटलं की आपल्या माणसांना कुठून शौर्य येतं, कोण जाणे. दगड उलथायचा आणि खाली वळवळेल ते ठेचायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी गोजरा पुढे झाली आणि उघड्या पडलेल्या मातीला कान लावून आडवी झाली. असं म्हणतात, की माळावरचे उरलेसुरले वाळे तेव्हा बाहेर आले. शेकडो वाळे तिच्या गालावरून, केसांतून, कानाच्या पाळीवरून गेले. ऊन कलेपर्यंत ती हलली नाही. एकही वाळा कानात शिरला नाही.

मग ती उठून बसली.

“पाटील, ह्याच्या तोंडात मुंगीचं अंडं मावतं. माणसाचा जीव न्हाई मावत.”

“मग पोर कशानं गेलं, गोजरे?” पाटलांनी विचारलं.

“दोन दिस ताप व्हता त्याला. वैद्याकडं न्यायचं सोडून म्या मेंढरामागं आले. तुमी समदे सापाला बोल लावत व्हता, तवर मला बरं वाटत व्हतं.”

काठ्या खाली आल्या. एवढं खरं बोलायला काय बळ लागत असेल, ते मला अजून उमगलेलं नाही.

त्यानंतर गोजरा जन्मभर उलथलेले दगड जागच्या जागी ठेवत राहिली. चौघांना न हलणारा दगड तिचा हात लागताच आपण होऊन पालथा व्हायचा, असं म्हणतात.

आजही तांबमाळावर दगड उचलला, तर होता तसाच परत ठेवतात. आणि गावात कुणाच्या पोराचं अंग तापलं, तर त्या आईला कुणी कामाला बोलवत नाही. शेजारीण न विचारता तिची मेंढरं सोडते आणि जाताना सांगते, “तू पोरापाशी बस. मेंढरं आज गोजराआई राखंल.”