शेवंताचा अर्धा गरा

फार फार वर्षांपूर्वी, मोरवे बेटावर होड्या वाऱ्याच्या मर्जीनं लागत तेव्हाची गोष्ट. धक्क्यावरून गावात जाणाऱ्या वाटेवर, फणसाच्या झाडाखाली, शेवंता फळं मांडून बसे. वर नारळाच्या झापांचं छप्पर, पुढ्यात केळी, पपया, अननस आणि कापलेला फणस.

तो फणस बारमाही धरायचा, असं म्हणतात. का, ते विचारू नका. मीही लहानपणी विचारलं होतं आणि टपली खाल्ली होती.

शेवंताला एक मोठा भाऊ होता, बाबल. लहानपणी फणस कापला की बाबल पहिला गरा अर्धा खाई आणि उरलेला, मान न वळवता, डावीकडे बसलेल्या बहिणीपुढे धरी. विसाव्या वर्षी तो गलबतावर गेला तो परतलाच नाही. गाव म्हणालं, बुडाला. तेरावं कर म्हणालं. शेवंतानं तेरावं केलं नाही, दुकान मांडलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती आधी विचारी, मग फळ देई.

"आमचो बाबलदादा खंय दिसलो? दाट केस, फुडल्या दातात फट?"

अशी तीस वर्षं गेली. प्रश्न तोच आणि वर्णनही तेच. केस गळतात, दात पडतात, हे तिच्या ध्यानातच येईना. वेडी माया म्हणतात ती हीच.

एके दुपारी पाण्यासाठी एक परकं गलबत लागलं. त्यातला एक म्हातारा खलाशी दुकानाशी येऊन टेकला. डोक्यावर केस नाही, तोंडात दात नाही. परमुलखातल्या तापानं त्याची आठवण पुसून नेली होती. स्वतःचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं.

शेवंतानं त्यालाही विचारलं.

"नाय गो बाय," तो म्हणाला. "असो कोणच दिसाक नाय."

त्याच्या डावीकडे बसून तिनं गरा त्याच्या हातावर ठेवला. त्यानं अर्धा खाल्ला आणि उरलेला, मान न वळवता, डावीकडे धरला.

शेवंतानं तो अर्धा गरा घेतला, खाल्ला आणि ती म्हणाली, "बाबलदादा, ऊठ. घराक चल."

म्हातारा ढसाढसा रडू लागला. कशासाठी, ते त्यालाही कळेना. पण तो उठला आणि तिच्या मागून चालू लागला. त्याच घटकेला झाडावरचे सगळे फणस एकदम पिकले, असं म्हणतात. वास पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत गेला आणि मासेमारीच्या होड्या जाळी तशीच सोडून इकडे वळल्या.

आजही त्या वळणावर फळांचं दुकान आहे. तुम्ही गेलात तर विकणारी बाई आधी एक गरा मोडेल, अर्धा स्वतः खाईल, अर्धा तुमच्यापुढे धरेल. मग विचारेल, "आमचो बाबलदादा खंय दिसलो?"

तेव्हा नाही म्हणायचं नाही. गरा घ्यायचा आणि सांगायचं, "घराक इलो."