बोटीत ओतलेले पाणी

एकदा एक व्यापारी दुकान पुतण्याच्या हवाली करून बंदरावर राहायला आला. त्याने एक जुनी शिडाची बोट घेतली होती. पत्नीसह किनाऱ्याकिनाऱ्याने दूरवर जावे, आवडेल त्या खाडीत मुक्काम करावा, असा त्याचा बेत होता. पत्नीला पोहता येत नव्हते.

ती म्हणाली, "दुकानात तुमच्या हातून काही बिघडले तर गिऱ्हाईक परत जायचे. इथे बिघडले तर आपण परत यायचो नाही. तांडेलबाबा बोट पाहून हो म्हणाले, तरच मी चढेन."

तांडेलबाबा हे त्या बंदरावरचे सर्वांत जुने नावाडी. व्यापाऱ्याने त्यांचे शिष्यत्व पत्करले. बाबांनी एकच अट घातली. "कारागीर लावायचा नाही. भर समुद्रात हाक मारलीस तर कोणता कारागीर येणार आहे?"

पावसाळाभर बोट वाळूवर छपराखाली उभी होती. तेलात भिजवलेला कापूस फळ्यांच्या सांध्यांत ठासायचा आणि वरून राळ भरायची, हे काम व्यापारी शिकला. पहिल्या वेळी त्याने ठासलेला कापूस बाबांनी नखाने उपटून त्याच्या हातात दिला. पुढे तो स्वतःच उपटू लागला आणि पुन्हा भरू लागला. बोटे सोलवटली, पण सांधे भरले.

नवी उपकरणे मात्र त्याने बाबांना न विचारता बसवली. बोटीच्या टपावर सौर पट्ट्या, आत पाणी साचले की आपोआप सुरू होणारा पंप आणि तळाला भोक पाडून बसवलेले, पाण्याची खोली सांगणारे यंत्र. सोबत छापील माहितीपुस्तिका होती, आणि पुस्तिका वाचता येणाऱ्या माणसाला गुरूची गरज सहसा वाटत नाही.

अखेर रंग लागला. त्यात पाहून भांग पाडावा असा तो चकचकीत होता. व्यापाऱ्याने सारे बंदर पेढे खायला बोलावले. बाबा आले, बोटीभोवती सावकाश फिरले, शिडीवरून वर चढले, पंपाची तार काढली आणि म्हणाले, "बादली आण."

पहिली बादली त्यांनी बोटीच्या आत ओतली. मग दुसरी मागितली.

"अहो बाबा!" व्यापारी ओरडला. "पाणी बाहेर राहावे म्हणून मी चार महिने राबलो, आणि तुम्ही ते आत ओतता?"

"ओरडतोस काय शेठ? पाणी भर. तुझे हात मोकळेच दिसताहेत."

"निदान पंप तरी चालू ठेवा!"

"पंप चालू असला की गळती कळत नाही. घरात कर्ता मुलगा असला की बापाचे व्यसन कळत नाही, तसे."

लोक हसले. व्यापाऱ्याची पत्नी हसली नाही. ती वाकून बोटीचा तळ पाहत होती. घोटाभर पाणी आत साचले. सांधे कोरडे राहिले. मग त्या नव्या यंत्राच्या कडेने एक थेंब वाळूवर पडला, त्यामागून दुसरा, आणि मग धारच लागली. समुद्राची खोली सांगायला बसवलेल्या यंत्राने समुद्रालाच आत यायची वाट करून दिली होती.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "उद्या कारागीर बोलावतो," तो पुटपुटला.

तेव्हा बाबा प्रथमच रागावले. "कारागीर कशाला? हा सांधा बघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक थेंब नाही. या बंदरावर असे काम करणारे हात फार थोडे आहेत, आणि त्यांत आता तुझे आहेत. त्याचा अभिमान वाटू दे. पण सांधे का टिकले ते समजून घे. तिथे तुला स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून तू पुन्हा पुन्हा तपासलेस. यंत्र बसवताना तुझी खात्री होती, म्हणून तू एकदाही पाहिले नाहीस. स्वतः केलेल्या कामाची हीच अडचण असते. करणारेही आपण आणि वाहवा करणारेही आपणच. म्हणून तपासायला पाणी बोलवावे. त्याला कोणाची भीड नसते. आणि समुद्राने बाहेरून भोक शोधण्याआधी आपण ते आतून शोधावे. इथे निदान पाय वाळूवर आहेत."

पत्नीने विचारले, "मग बाबा, मी चढू का?"

"मला काय विचारतेस, पोरी? बोट ज्याने दुरुस्त केली त्याला विचार."

व्यापाऱ्याने गळणाऱ्या यंत्राकडे पाहिले. सारे बंदर ऐकत होते. तो म्हणाला, "आज नको."

बाबा पेढा घेऊन निघाले.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने यंत्र उचकटले. भोकाच्या कडा त्याने साफ केल्या नव्हत्या. यंत्राभोवती भरलेला चिकटा लाकडाला न धरता जुन्या रंगाच्या पापुद्र्याला धरला होता. त्याने लाकूड उघडे पडेपर्यंत घासले, सुकू दिले आणि यंत्र नव्याने बसवले. चिकटा सुकल्यावर त्याने स्वतःच पंपाची तार काढली, स्वतःच बादल्या ओतल्या आणि पत्नीला हाक मारली. या खेपेस प्रेक्षक नव्हते.

ती तळाशी वाकली. यंत्राभोवती, सांध्यांवरून तिने तळवा फिरवला. तळवा कोरडा होता.

"आता?" तिने विचारले.

"आता चल," तो म्हणाला.

तिने पदर खोचला आणि ती शिडी चढली. दूर वाळूवर जाळे विणत बसलेल्या तांडेलबाबांना या वेळी आपल्याला कोणी काही विचारले नाही, याचा फार अभिमान वाटला.